पूर शहराला येतो, पेच माणसाला पडतो

कथालेखनाविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत 'कथानक' आणि 'संघर्ष' या दोन शब्दांविषयी विचारणा आहे. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला दिलेले उत्तर बरेच लांबले आहे. परंतु त्या पत्रासोबत कथाही आली होती आणि ती वाचल्यावर थोडक्यात लिहिणे मला योग्य वाटले नाही.

प्रश्न : पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आम्ही नारायण पेठेतील एका वाड्यात भाड्याने राहत होतो. त्या दिवसावर मी एक कथा लिहिली. ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली असता 'प्रसंगवर्णन उत्तम, परंतु कथेत संघर्ष नाही' असा शेरा येऊन परत आली. सारे शहर पाण्याखाली गेले, माणसे घरादाराला मुकली. याहून मोठा संघर्ष कोणता असू शकतो? कथा सोबत जोडली आहे. — एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : आपली कथा मी दोनदा वाचली. १२ जुलै १९६१ ची सकाळ, आंबी नदीवरचे अजून पुरते पूर्ण न झालेले पानशेत धरण फुटल्याची बातमी, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटणे, मुठेचे पाणी पेठांतून चढत जाणे, आणि नंतर चिखलाने भरलेल्या त्याच शहरात पिण्याच्या पाण्यासाठी लागलेल्या रांगा, हे सारे आपण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या नेमकेपणाने लिहिले आहे. ओल्या धान्याच्या कुबट वासाचे वर्णन तर मी विसरू शकणार नाही. तरीही संपादकांचा शेरा मला बरोबर वाटतो, आणि तो का बरोबर आहे हे आपल्याच कथेतून दाखवता येते.

'संघर्ष' हा शब्द ऐकला की आपल्या मनात झुंज उभी राहते: माणूस आणि निसर्ग, माणूस आणि समाज, माणूस आणि माणूस. पाठ्यपुस्तकांतही संघर्षाचे प्रकार असेच सांगितलेले असतात. हे वर्गीकरण चुकीचे नाही. परंतु लिहिणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यात संघर्ष कोणाशी आहे एवढेच कळते आणि तो कशासाठी आहे ते कळत नाही. मला त्यापेक्षा 'पेच' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा वाटतो. मराठीत घटना 'घडते' आणि पेच 'पडतो'. घटना कोणालाही उद्देशून घडत नाही, ती नुसती घडते. पेच मात्र नेहमी कोणाला तरी पडावा लागतो. 'पेच पडला' असे कोणी म्हटले की आपण लगेच विचारतो, 'कोणाला?' पूर शहराला आला. आपल्या कथेत पेच कोणाला पडला, याचे उत्तर मला पहिल्या पाच पानांत सापडले नाही.

ते सहाव्या पानावर सापडले, आणि तेही ओझरते. आपण लिहिले आहे : 'जिन्यापाशी पोचल्यावर वडील क्षणभर थांबले, त्यांनी वर पाहून एकदा हाक मारली, आणि मग मला खांद्यावर घेऊन ते निघाले.' वरच्या मजल्यावर वाड्याच्या वृद्ध मालकीणबाई एकट्या राहत होत्या, त्यांना कमी ऐकू येत असे, आणि त्यांनी आपल्या वडिलांवर जागा खाली करून घेण्यासाठी खटला भरला होता. या तीन गोष्टी आपण कथेत तीन वेगवेगळ्या ठिकाणी, जाता जाता सांगितल्या आहेत. त्या एकत्र ठेवून पाहा. ज्या बाईने आपल्याला घराबाहेर काढण्यासाठी कोर्टात ओढले, तिला वाचवण्यासाठी पाणी चढत असताना जिना चढायचा की खांद्यावरचे मूल आधी सुखरूप पोचवायचे? आणि याहून अवघड प्रश्न असा की, त्यांना कमी ऐकू येते हे ठाऊक असताना वडिलांनी एकदाच का हाक मारली? खटला नसता तर ते दुसऱ्यांदा ओरडले असते का? हा प्रश्न त्या गृहस्थांना पुढे आयुष्यभर छळू शकतो, आणि नऊ वर्षांचा मुलगा खांद्यावरून हे पाहत होता, म्हणून तो मुलालाही वारशाने मिळू शकतो. पुराने येथे केलेले काम एवढेच की त्याने विचार करण्याचा वेळ हिरावून घेतला.

आपली कथा येथे आहे. आता कथानकाकडे येतो, कारण पेच सापडला म्हणजे कथानक आपोआप तयार होत नाही. वाचकाला जिन्यावरचा तो क्षण जड वाटायचा असेल, तर त्या क्षणाच्या दोन्ही पारड्यांत आधी काही टाकलेले असले पाहिजे. खटल्याची माहिती आपण आठव्या पानावर देता, म्हणजे जिन्याचा प्रसंग होऊन गेल्यावर. ती पहिल्या पानावर यायला हवी, आणि माहिती म्हणून येण्यापेक्षा समन्स घेऊन आलेल्या बेलिफाच्या रूपाने यायला हवी. दुसरे पारडेही रिकामे ठेवू नका. आपल्या कथेच्या शेवटी एक वाक्य आहे की, विषमज्वरात मालकीणबाई मुलाच्या उशाशी रात्रभर बसल्या होत्या. हे वाक्य शेवटी आल्यामुळे त्याचे केवळ हळहळ वाटावी असे स्मरण झाले आहे. तेच जर समन्साच्या आधी आले, तर समन्सही अधिक बोचेल आणि जिनाही अधिक उंच वाटेल. घटना त्याच राहतात, शब्दही बहुतेक तेच राहतात; फक्त वाचकाला कोणती गोष्ट केव्हा कळते हे बदलते. कथानक म्हणजे मुख्यतः हेच काम आहे.

एक सूचना पुरानंतरच्या भागाविषयी. सध्या तो वर्णनात संपतो. मालकीणबाई वाचल्या, हे आपण सांगितले आहेच. मग खटल्याची पुढची तारीख येईल. त्या तारखेला वडील कोर्टात उभे राहून काय बोलतात, किंवा जातच नाहीत, याचा विचार करून पाहा. ते आपल्याला आठवत नसेल तर कल्पनेने लिहा. आपण आठवणीचा लेख लिहीत नसून कथा लिहीत आहात, आणि कथेला तेवढी मोकळीक आहे.

प्रश्न : मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी आहे. आम्हाला कथानकाचे पाच टप्पे शिकवले जातात : प्रास्ताविक, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, उतरण आणि उकल. मी वाचलेल्या बऱ्याच कथा या आकृतीत बसत नाहीत. आकृती चुकीची आहे की त्या कथा? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : दोन्ही चुकीचे नाहीत, परंतु आकृती ज्या कामासाठी तयार झाली ते काम लक्षात घ्यायला हवे. चढण आणि उतरण दाखवणारा हा त्रिकोण गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकाच्या तंत्रावरील पुस्तकात मांडला, आणि त्याच्यासमोर ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची पाच अंकी नाटके होती. पाच अंकी नाटकाचे मोजमाप दहा पानांच्या लघुकथेला लावले तर ते सैल पडणारच. लघुकथा पुष्कळदा उत्कर्षबिंदूच्या अगदी अलीकडे सुरू होते आणि उकल न दाखवता थांबते; ती त्या डोंगराच्या एकाच कड्यावर उभी असते.

आपल्याकडेही पाचच टप्पे सांगितलेले आहेत, आणि ते अधिक जुने आहेत. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था दिल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. वरवर पाहता ही फ्रायटागच्या पाच टप्प्यांचीच भावंडे वाटतात, परंतु नावे नीट वाचली तर एक फरक दिसतो. फ्रायटाग कृती चढते आहे की उतरते आहे हे बाहेरून पाहतो. नाट्यशास्त्र फळाची इच्छा करणाऱ्याच्या बाजूने पाहते : त्याने इच्छा धरली, प्रयत्न केला, मिळेल अशी आशा वाटू लागली, मिळणार याची खात्री झाली, मिळाले. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर विचारायचा प्रश्न हा की, या माणसाची आशा आता कुठवर आली आहे? कथा लिहिणाऱ्याला, आणि तपासणाऱ्यालाही, हा प्रश्न त्रिकोणापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे. आकृतीत न बसणारी आपली एखादी कथा घ्या आणि समासात एवढेच लिहीत जा : येथे आशा वाढली, येथे घटली, येथे तिचे रूपच बदलले. कथेचा आकार आपल्याला दिसू लागेल, आणि तो त्रिकोणाचा असेलच असे नाही.

मात्र टप्प्यांची नावे पाठ करण्यापेक्षा, कथानक बदलले की अर्थ कसा बदलतो हे पाहणे अधिक मोलाचे आहे, आणि त्यासाठी शकुंतलेच्या गोष्टीइतके चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला आपल्या मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात येते. राजाला सारे आठवत असते, तरी तो ओळख नाकारतो. ती भर सभेत त्याला खडे बोल सुनावते, आणि आकाशवाणी झाल्यावर तो तिचा स्वीकार करतो. त्या कथेत शाप नाही आणि अंगठीही नाही. या दोन्ही गोष्टी कालिदासाने 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकात घातल्या. दुर्वासाच्या शापामुळे दुष्यंत खरोखरच विसरतो, त्यामुळे नाकारण्याचा दोष बराचसा त्याच्या शिरावरून उतरतो. परंतु कालिदास तेथे थांबत नाही. शाप अनसूया आणि प्रियंवदा या दोघी सख्यांना ठाऊक असतो, प्रेक्षकाला ठाऊक असतो, आणि ज्या दोघांच्या आयुष्यावर तो पडला आहे त्यांनाच ठाऊक नसतो. म्हणून पाचव्या अंकात शकुंतला अंगठी दाखवायला बोटाला हात लावते आणि अंगठी नसते, तेव्हा आपल्या पोटात खड्डा पडतो. महाभारतात दोन माणसे समोरासमोर उभी आहेत आणि एक खोटे बोलतो आहे. नाटकात दोघेही खरे बोलतात आणि तरी एकमेकांना मुकतात. कथावस्तू तीच आहे, पेच मात्र पूर्णपणे वेगळा आहे, आणि हा सारा बदल एका शापाच्या आणि एका अंगठीच्या जोडणीने घडला आहे. महाभारतातील तेजस्वी, राजाला सुनावणारी शकुंतला या बदलात मागे पडली, याची खंत मला प्रत्येक वाचनात वाटते. परंतु तीही कथानकाचीच किंमत आहे.

प्रश्न : माझ्या कथेत सासू आणि सून यांचा संघर्ष आहे. सासू फार दुष्ट आणि एकसुरी झाली आहे असे सगळे म्हणतात. पण तिला चांगली केली तर संघर्षच उरत नाही. खलनायक नसेल तर कथा उभी कशी राहील? — एक लेखिका, हडपसर

उत्तर : आपण उद्योगपर्वातील कर्ण आणि कुंती यांची भेट पुन्हा एकदा वाचावी अशी माझी विनंती आहे. युद्ध तोंडावर आले असताना कुंती कर्णाकडे जाते आणि तू माझा मुलगा आहेस, आपल्या भावांच्या बाजूला ये, असे सांगते. कृष्णाने ही गोष्ट आधीच त्याच्या कानावर घातलेली असते. त्या प्रसंगात दुष्ट कोण आहे? कुंतीने मूल टाकले हे खरे, परंतु आता ती मुलांनी एकमेकांना मारू नये म्हणून आली आहे. कर्ण आईला नकार देतो हे खरे, परंतु ज्याने मानाने वागवले त्या दुर्योधनाला ऐन वेळी सोडणे त्याला शक्य नाही. अर्जुन वगळता इतर पांडवांना मी मारणार नाही, म्हणजे तुझे पाच मुलगे कायम राहतील, हे वचन तो देतो. आणि ते वचन ऐकून कुंतीला दिलासा वाटावा की तिचे काळीज फाटावे हे वाचकाला ठरवता येत नाही. दोघांनाही आपापल्या जागी जे हवे आहे ते रास्त आहे, आणि दोन्ही एका वेळी मिळू शकत नाही. दुष्टपणा आणून हा प्रसंग अधिक धारदार करता आला नसता. उलट तो बोथट झाला असता, कारण एक माणूस वाईट आहे असे ठरले की वाचकाचा विचार तेथेच थांबतो.

आपल्या कथेतील सासूला 'चांगली' करण्याची गरज नाही. तिला काय हवे आहे ते मात्र आपल्याला ठाऊक असले पाहिजे. मी कथा वाचली तेव्हा सासू सुनेचा पगार मागते, तिच्या स्वयंपाकाला नावे ठेवते आणि माहेरी जाऊ देत नाही, एवढे कळले. हे तिचे वागणे झाले. तिला या घरात कशाची भीती वाटते? सून नोकरीनिमित्त मुलाला घेऊन खराडीला फ्लॅटमध्ये गेली तर हडपसरच्या या घरात ती एकटी उरेल, ही भीती आपल्या कथेच्या तळाशी आहे, कारण फ्लॅटची जाहिरात आपणच दोनदा आणली आहे. मग तिला एक प्रसंग असा द्या की ज्यात ती मागत काहीच नाही, फक्त ती जाहिरात घडी घालून डब्याच्या तळाशी ठेवते. त्यानंतर ती सुनेला जे टोचून बोलेल ते तितकेच कठोर राहू द्या. वाचक सुनेच्याच बाजूने राहील, परंतु त्याला पूर्वीइतके सोपे जाणार नाही.

प्रश्न : माझ्या कथेचा नायक कर्जात बुडालेला आहे. शेवटी रिंगरोडसाठी गावाकडची जमीन संपादित होऊन त्याला मोठा मोबदला मिळतो आणि कर्ज फिटते. अशा गोष्टी पुण्याच्या आसपास प्रत्यक्ष घडतात, तरी मित्र म्हणतात की शेवट पटत नाही. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : प्रत्यक्ष घडते एवढ्याने ते कथेत पटते असे नाही. उकल कथानकाच्या आतूनच यावी, यंत्राने वरून उतरवलेल्या देवाकडून येऊ नये, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सांगून ठेवले आहे, आणि तेवीसशे वर्षांनंतरही वाचकाचे मन याच बाबतीत बदललेले नाही. योगायोग वर्ज्य आहे असे मात्र समजू नका. वर उल्लेखिलेल्या कालिदासाच्या नाटकात कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते, हा केवढा मोठा योगायोग! परंतु त्या अंगठीने दुष्यंताचे दुःख संपत नाही, सुरू होते.

आपल्या बाबतीत सोपा उपाय असा की मोबदला शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणा. पैसा आला की सातबाऱ्यावरची सारी नावे जागी होतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने वाटा आहे. नायकाला एक बहीण आहे असे आपण दुसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे आणि नंतर तिला विसरून गेला आहात. कर्ज फेडायचे तर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही हवी. ती मागायला तो तिच्या घरी जातो, तेथून कथा लिहून पाहा.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'वर चर्चा झाली. काहींचे म्हणणे असे की या कादंबरीत कथानकच नाही, संघर्षही नाही, तरी ती थोर आहे. मग या दोन गोष्टींना एवढे महत्त्व का द्यायचे? — वाचनमंडळाचे सदस्य, सहकारनगर

उत्तर : हा प्रश्न पुण्यातून यावा हे योग्यच आहे, कारण कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर शिकायला येतो तो याच शहरात. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा मराठी वाचकाला बांधेसूद कथानकाची, निरगाठ आणि उकल यांच्या हिशेबाची सवय होती. तसे पाहता ही सवय मोडण्याचे काम १९४५ नंतरच्या नवकथेने आधीच सुरू केले होते; गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी घटनांची चढण कमी करून माणसाच्या मनातील हालचालीला जागा दिली. कादंबरीत ही मोकळीक 'कोसला'ने फार मोठ्या प्रमाणावर घेतली.

परंतु 'कथानक नाही' या विधानाशी मी सहमत नाही. कारस्थान नाही, रहस्य नाही, शेवटी सुटणारी गाठ नाही, हे खरे आहे. पेच मात्र पानोपानी आहे. वडिलांच्या पैशावर शिकणाऱ्या, वडिलांशी ज्याचे कधीच जुळले नाही आणि वडिलांपासून जो सुटूही शकत नाही अशा मुलाला स्वतःचे म्हणून काही जगायचे आहे, आणि ते 'काही' म्हणजे काय हे त्याला स्वतःलाच सापडत नाही. त्याला काय नको आहे हे नेमके कळते आणि काय हवे आहे हे कळत नाही. नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे फलाचीच ओळख पटलेली नाही, त्यामुळे आशा कुठवर आली हे मोजायला पट्टीच उरत नाही. हाच या कादंबरीचा पेच आहे आणि म्हणूनच तिचा बांधा असा विस्कळीत दिसतो. धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू कोणत्याही कारस्थानाचा भाग नाही, पण त्या मृत्यूच्या आधीचा आणि नंतरचा पांडुरंग एक राहत नाही. ती पाने काढून टाकली तर पुढचा आवाज आपल्याला कळणार नाही. एक भाग काढला असता संपूर्ण रचना डळमळते, याहून कथानकाची वेगळी खूण मी तरी मानत नाही.

आपल्या मंडळात तरुण लेखकही आहेत असे आपण लिहिता, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कथानक मोडण्याचे धैर्य आणि कथानक न जमणे या दोन गोष्टी हस्तलिखितात सारख्या दिसतात, पण वाचताना पाचव्या पानावर त्यांतील फरक कळतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक वाक्याला आतून ओढ असते. दुसऱ्या प्रकारात ती नसते, आणि मग लेखक 'जीवन असेच असते' असे उत्तर देतो. हे उत्तर मला गेल्या वर्षभरात बरेचदा मिळाले आहे आणि दर वेळी वाईट वाटले आहे, कारण त्या लेखकांपैकी काहींच्या हातात खरोखर चांगली कथा होती.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला शिकवते. कथालेखनाच्या प्रश्नात मुले मुद्द्यांवरून गोष्ट लिहितात, पण ती 'नंतर', 'नंतर' करत जाते. कथानक ही कल्पना मुलांना कोणत्या गोष्टीतून समजावू? — एक शिक्षिका, धनकवडी

उत्तर : श्रावणातील शुक्रवारची कहाणी घ्या. माझी आजी ती पाटावर बसून वाचत असे, आणि कथेची बांधणी म्हणजे काय हे मला नकळत पहिल्यांदा तिथेच कळले असावे. गरीब बहीण आणि श्रीमंत भाऊ. भावाने सहस्रभोजन घातले, साऱ्या गावाला बोलावले आणि बहिणीला वगळले. भावाच्या घरी बोलावणे कशाला, असे म्हणून ती मुलांना घेऊन पंगतीला जाते. तिच्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, म्हणून भाऊ तिला पुन्हा येऊ नको म्हणतो. मुलांच्या भुकेपायी ती पुन्हा जाते, आणि शेवटी भाऊ तिला पानावरून उठवून बाहेर घालवतो. पुढे देवीच्या व्रताने तिचे दिवस पालटतात. आता भाऊ आपणहून जेवायला बोलावतो. ती शालू नेसून, दागिने घालून येते, पाटावर बसते, अंगावरचे दागिने काढून मांडते आणि पानातील एकेक पदार्थ एकेका दागिन्यावर ठेवू लागते. भाऊ विचारतो, हे काय करतेस? ज्यांना तू जेवायला बोलावलेस त्यांनाच जेवू घालते आहे, असे ती सांगते.

मुलांना ही कहाणी एकदा पूर्ण सांगा. मग पहिल्या पंगतीचा भाग वगळून पुन्हा सांगा, आणि दागिन्यांवर लाडू ठेवणारी बाई तुम्हाला कशी वाटते असे विचारा. मुले हसतील, ती वेडी आहे असे म्हणतील. त्यानंतर वगळलेला भाग परत जोडा. तीच कृती आता वेडेपणाची वाटत नाही, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. वर्गात जी शांतता पसरते तिच्यावरून ते कळते. दुसऱ्या तासाला देवीच्या कृपेचा भाग बदलून पाहा : तिचे दिवस पालटले, पण ती भावाकडे गेलीच नाही. मुले लगेच तक्रार करतील की गोष्ट संपलीच नाही. देवीने संपत्ती दिली, तरी हिशेब बहिणीलाच पुरा करावा लागतो, हे त्या तक्रारीतच आले.

'नंतर, नंतर' या सवयीवर मी मुलांना एकच काम देत असे. आपण लिहिलेल्या गोष्टीतील प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात 'कारण' हा शब्द लिहायचा आणि त्यापुढे जे सुचेल ते लिहायचे. ज्या वाक्यापुढे काहीच सुचत नाही ते वाक्य बहुधा अनावश्यक असते, आणि ज्या वाक्यापुढे मुलगा पाच ओळी लिहितो त्या पाच ओळींतच खरी गोष्ट दडलेली असते. एका मुलीने 'आई बाजारातून उशिरा आली' या वाक्यापुढे पानभर मजकूर लिहिला होता. तिला मी मूळ गोष्ट बाजूला ठेवायला सांगितले आणि त्या पानापासून सुरुवात करायला सांगितले.